बाळसं, खुराक आणि पुढची चरबी : या चुका टाळा

कोल्हापुरात पोर जरा सडपातळ दिसलं की कुणीतरी विचारतंच, "खायला घालत नाहीस का गं याला?" पैलवानांच्या गावात अंगानं भरलेलं पोर म्हणजे निरोगी पोर, हा हिशेब पक्का बसलाय. दोन वर्षांपर्यंत तो बऱ्यापैकी बरोबरही असतो. नंतर तो चुकायला लागतो, तरी घरात तोच चालू राहतो.

दोन वर्षांच्या आत काळजी करणं. जन्माचं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होतं. त्यात हाडं, स्नायू, अवयव सगळंच वाढत असतं. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांची मोजमापं मोठेपणापर्यंत ठेवली गेली. बाळपणी ज्यांचं वजन उंचीच्या मानानं चांगलं वाढलं, त्यांच्या अंगावर मोठेपणी मुख्यतः स्नायू दिसले. शाळकरी वयात जे भराभर भरले, त्यांच्यात चरबी जास्त निघाली. यातल्या ज्यांना पुढे मधुमेह झाला, ते दोन वर्षांचे असताना जाड नव्हते, उलट बारीक होते. म्हणून सहा महिन्यांचं बाळ गुबगुबीत दिसतंय म्हणून अंगावरचं दूध कमी करू नका.

"बाळसं उतरलं" म्हणून घाबरणं. सगळ्यात महागात पडणारी चूक ही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. चार वर्षांचं, १ मीटर उंच, १५ किलोचं पोर घ्या : बीएमआय १५. तेच वर्षाचं असताना १७ च्या आसपास असेल. म्हणजे आकडा उतरायलाच हवा. पाच-सहा वर्षांच्या सुमारास तो तळाला जातो आणि मग परत चढतो. हा चढ तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू झाला, तर मोठेपणी लठ्ठपणाचा धोका वाढतो.

आणि नेमक्या याच वयात आपल्याकडं भरवाभरवी सुरू होते. संध्याकाळी रंकाळ्यावर बघा : पोर कठड्याकडं पळतंय, मागं आजी डबा घेऊन "एवढाच घास, एवढाच" करत. घरी गेल्यावर म्हशीचं दूध, त्यात साखर, वर चॉकलेटची पावडर, तेही दिवसातून तीनदा. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साडेसहा-सात टक्के, गाईच्या दुधात चारच्या आसपास. दूध वाईट नाही, पण या वयात दिवसाला अर्धा लिटर भरपूर झालं. त्याहून जास्त पाजलं की पोट दुधानंच भरतं, भाकरी-आमटीला जागा उरत नाही, आणि गुटगुटीत दिसणाऱ्या पोराच्या अंगात लोह कमी पडतं. पोरानं तोंड फिरवलं की ताट उचला. भूक लागली की ते मागतं.

व्यायाम म्हणजे क्लास, असं समजणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करायला हवी. पाचव्या वर्षानंतर रोज सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल असा खेळ. दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत गाडीवर सोडायचं आणि शनिवारी स्केटिंगच्या क्लासला पाठवायचं, यानं ते भरून निघत नाही. पेठेतल्या बोळात फुटबॉल बडवणारं पोर फीविना जास्त पळतं.

तालीम सुटली तरी खुराक चालू ठेवणं. दहावीपर्यंत लाल मातीत घाम गाळला, ती पुण्याई आयुष्यभर पुरत नाही. स्नायूंची चरबी होत नाही. पण मेहनत थांबून तूप-बदाम-थंडाई तशीच राहिली तर स्नायू उतरतात आणि पोटावर चरबी चढते. बारीक माणसानंही निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच २२.३. याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के, युडकिनांच्या ९.१ टक्के. २००४ साली दोघांनी हे आपल्या फोटोसकट 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. म्हणून मोठ्यांनी काट्याबरोबर टेपही घ्यावी : कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

वजन चढलंच असेल तर पोराला उपाशी ठेवू नका, डाएटवर तर नकोच. बिस्किटं, खारी, गोड पेयं घरात आणणं थांबवा. बऱ्याच लहान मुलांत वजन आहे तिथं थोपवलं तरी पुरतं, उंची वाढते तसा आकडा खाली येतो. अंगणवाडीच्या कार्डावर वजनाची रेघ हिरव्या पट्ट्यात असली तरी तेवढ्यावर जाऊ नका, उंचीही मोजून घ्या. झोपेत घोरणं, चार वर्षांच्या आत बीएमआय वर वळणं, ही बालरोगतज्ज्ञांना दाखवायची लक्षणं आहेत. मान काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ समजून डाळीच्या पिठानं घासत बसू नका. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना विचारून साखर तपासून घ्या.