व्हॅनमधल्या वाघ्याला कोकणचा उकाडा: माझा अनुभव
आमच्या लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात व्हॅनच्या खिडकीला ओलं गोणपाट बांधलं की माझा कुत्रा वाघ्या निवांत पसरतो. गुहागरच्या किनाऱ्यावर मात्र गोणपाट ओलंच्या ओलं, आणि लेकरू जीभ बाहेर काढून धापा टाकतंय! दमट हवेत पाणी लवकर उडतच नाही, आणि कुत्र्याचं अंग तर मुख्यतः धापेनंच गार होतं. मग गोणपाट सोडलं. सुरूच्या सावलीत मागचं दार समुद्राकडे करून गाडी लावली, समोरचीही दारं सताड उघडली, पोटाला-पंजांना गोडं पाणी लावून बॅटरीवरचा पंखा सोडला. हळूहळू धाप बसली. दुपारी समुद्राकडून वारा येतो, तो आरपार जाऊ द्या. खारं पाणी पिऊ देऊ नका, उलट्या होतात. आणि बंद गाडीत त्याला ठेवून देवदर्शनाला तर मुळीच जाऊ नका.