एबीएसचा दिवा नेमका कधी लागतो?

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा कोर्स संपवून मी चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये कामाला लागलो, तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावायचा, त्यात नोंदलेला दोषाचा कोड काढायचा आणि त्या कोडात ज्या भागाचे नाव येईल तो भाग बदलायचा, एवढेच निदानाचे काम असते अशी माझी ठाम समजूत होती. ती मोडायला दोन महिने आणि एका गिऱ्हाइकाच्या पैशाने आणलेले दोन सेन्सर लागले.

गाडी पुण्याहून जुनी घेतलेली, सात वर्षे वापरलेली हॅचबॅक होती. डॅशबोर्डवर एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) असे दोन्ही पिवळे दिवे लागत होते आणि स्कॅनर पुढच्या उजव्या चाकाच्या स्पीड सेन्सरकडे बोट दाखवत होता. मी सेन्सर बदलला, कोड पुसला, गॅरेजच्या आवारात गाडी पुढेमागे केली आणि दिवे गेले म्हणून चावी मालकाच्या हातात दिली. हमरस्त्याला लागून दोनशे मीटर जाईपर्यंत दिवे पुन्हा हजर. नवा सेन्सरच खराब निघाला असेल असे म्हणून मी दुसरा आणवला, तर पुन्हा तेच. तेव्हा आमच्या गॅरेजच्या मेस्त्रींनी हातातले काम बाजूला ठेवून विचारले, "लाईट चावी दिल्यावर लगेच लागतो, का गाडी चालल्यावर?" मी पाहिलेच नव्हते. त्यांनी दुसरा प्रश्न मला नाही, मालकाला विचारला, "साहेब, ह्या चाकाला शेवटचं काम काय झालंय?" विकणाऱ्याने आवाज येतो म्हणून देण्याआधी बेअरिंग बदलून दिले होते, असे मालकाने सहज सांगितले, ती माहिती आम्हाला द्यायची असते हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

मेस्त्रींनी सेन्सर काढला आणि त्याच्या भोकातून टॉर्च मारून मला आत पाहायला लावले. आत काळपट, रबरासारखी दिसणारी कड दिसायला हवी होती. दिसत होता तो चकचकीत पत्रा. हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, उतरवून बेअरिंग बाहेर काढल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंना एकेक टाचणी लावून पाहिली. पत्र्याच्या बाजूची टाचणी खाली पडली आणि दुसऱ्या बाजूची हलकेच चिकटून राहिली. त्या जातीच्या बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव एकाआड एक बसवलेले असतात आणि चाक फिरताना सेन्सर तेच मोजत असतो. आधीच्या माणसाने बेअरिंग उलटे ठोकले होते, त्यामुळे सेन्सरसमोर मोजायला काहीच नव्हते. तिन्ही सेन्सर, जुना धरून, चांगले होते.

मेस्त्रींचे ते दोन प्रश्न मी आज स्कॅनरला हात लावण्याआधी विचारतो आणि नव्याने या कामात येणाऱ्यांनीही तेवढेच आधी शिकावे असे माझे मत आहे, कारण जुन्या गाडीत बिघाडाइतकाच आधीच्या दुरुस्तीचाही संशय घ्यावा लागतो.

दिवा कधी लागतो याला एवढे महत्त्व का, ते समजून घ्यायला हवे. चावी फिरवताच एबीएसचे मॉड्युल, म्हणजे ती यंत्रणा चालवणारा छोटा कॉम्प्युटर, स्वतःच्या सगळ्या तारा तपासते. एखाद्या सेन्सरची तार तुटली असेल, दुसऱ्या तारेला चिकटली असेल किंवा कपलर (तारांची जोडणी) सुटला असेल, तर ते गाडी जागेवर असतानाच कळते आणि दिवा विझतच नाही. तार शाबूत आहे पण चाक फिरूनही सेन्सरची खूण (सिग्नल) येत नाही, हे मात्र बाकीची तीन चाके फिरू लागल्याशिवाय कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून उलटे बेअरिंग, गंजाने फुगलेली किंवा तडा गेलेली दातांची रिंग (काही गाड्यांत चुंबकी सीलऐवजी सेन्सर हिचे दात मोजतो), सेन्सर आणि रिंग यांच्यातले वाढलेले अंतर, एका चाकाला घातलेला वेगळ्या मापाचा टायर, असले दोष गाडी चालू लागल्यावरच दिवा लावतात. गाडी सुटल्यावर साधारण दहा-वीसच्या वेगाला मॉड्युल पंपाची मोटर क्षणभर फिरवून पाहते, आणि कान दिला तर बोनेटखालून तो बारीक घरघर आवाज ऐकूही येतो. नेमका त्याच वेगाला दिवा लागत असेल तर पंप, त्याचा फ्यूज आणि त्याचे अर्थिंग पाहावे. आणि दिवा फक्त स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण कापले की लागत असेल, तर पुढच्या चाकाकडे जाणारी तार वाकण्याच्या जागी वरचे आवरण तसेच राहून आतून तुटलेली असते. अशी तार सरळ ठेवून मल्टिमीटरला (वीज मोजायच्या मीटरला) लावली तर ती निर्दोष ठरते, म्हणून मीटर लावलेला असताना कुणाला तरी स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला सांगावे आणि तार बोटांनी हलवत राहावे.

मीटरचा विषय निघालाच आहे, तर नवशिक्यांची सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. चाकाचे सेन्सर दोन जातीचे असतात. जुन्या जातीचा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तारेची कॉइल. तिचा रेझिस्टन्स मोजता येतो, तो बहुतेक गाड्यांत एक ते अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, आणि चाक हाताने फिरवले की मीटरवर थोडा एसी व्होल्टेज दिसतो. नव्या जातीच्या सेन्सरला मॉड्युलकडून वीज जाते आणि तो साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांमध्ये करंट वरखाली करून चाकाचा वेग कळवतो. त्याचा रेझिस्टन्स मोजण्याला काही अर्थ नाही, उलट मीटरच्या विजेने सेन्सर दुखावण्याचा धोका असतो. त्याच्या कपलरवर मॉड्युलकडून वीज येते का, एवढेच आधी पाहावे. मी पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या चांगल्या चाकावर जास्त विसंबतो. तिथे जे दिसते ते इथेही दिसायला हवे, इतका साधा हिशेब असतो.

जुन्या जातीच्या सेन्सरचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. चाक हळू फिरले की त्याचा व्होल्टेजही घटतो, त्यामुळे सेन्सरखाली गंज साचून तो रिंगपासून थोडा वर उचलला गेला, की सिग्नलला जोर पुरत नाही आणि तो अगदी कमी वेगाला आधी हरवतो. गाडी सिग्नलला थांबत असताना, शेवटच्या एक-दोन मीटरमध्ये कोरड्या रस्त्यावर पायाखाली ब्रेक पेडल थरथरते, कारण एक चाक लॉक झाले असा मॉड्युलचा समज होतो. अशा वेळी कित्येकदा दिवा लागत नाही आणि कोडही मिळत नाही. गिऱ्हाईक "ब्रेक मारताना खरखर होतंय" एवढेच सांगते आणि गॅरेजवाला त्याला नवे ब्रेक पॅड घालून देतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसानंतर अशा गाड्या आमच्याकडे हमखास येतात.

स्कॅनरबद्दलही एक खुलासा करतो. मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर बहुतेक वेळा इंजिनाचे, म्हणजे पी अक्षराने सुरू होणारे कोडच वाचतो. ब्रेकचे कोड सी अक्षराने सुरू होतात आणि ते एबीएसच्या मॉड्युलशी बोलू शकणाऱ्या स्कॅनरलाच मिळतात. तेव्हा अडॅप्टरने "कोड नाही" म्हटले म्हणून दोष नाही असे समजू नये. कोडापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे चालत्या गाडीत चारही चाकांचे वेग एकाच वेळी दाखवणारा आलेख. मोकळ्या सरळ रस्त्यावर तीसच्या वेगाने जाताना चार रेषा एकावर एक बसल्या पाहिजेत. एखादी रेषा ठरावीक अंतराने खाली टपकत असेल आणि चाकाच्या दर फेऱ्याला एकदाच टपकत असेल, तर रिंगला एका जागी तडा आहे हे पाना न उचलता सांगता येते. गाडी एकाने चालवावी आणि आलेख दुसऱ्याने पाहावा. दोन्ही कामे एकट्याने करण्याचा मोह मलाही झालेला आहे आणि कठड्याशी गाडी नेऊन मी तो सोडलेला आहे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यासोबत तपासणीला जायची वेळ आली, तर मीटर काढायच्या आधी डॅशबोर्ड पाहावा. आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले ते २०१९ पासून, त्यामुळे त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये मुळात एबीएस आहे का, हे विचारून घ्यावे. असेल तर चावी ऑन करून इंजिन सुरू न करता थांबावे. एबीएसचा दिवा लागून दोन-चार सेकंदांत आपोआप विझायला हवा. तो लागलाच नाही, तर बहुधा कुणीतरी बल्ब काढलेला आहे किंवा मागून काळी पट्टी चिकटवलेली आहे. मी पाहिलेली सर्वांत हुशार लबाडी वेगळीच होती. दिवा लागत होता आणि विझतही होता, पण विझत होता तो इंजिन सुरू झाल्यावर, ऑइलच्या दिव्याबरोबर, अगदी एकाच क्षणी. एबीएसच्या दिव्याची तार तोडून ती ऑइलच्या दिव्याला जोडली होती. चावी देऊन लगेच इंजिन सुरू करणाऱ्याला हे जन्मात कळले नसते.

इथे पुराच्या गाड्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरले, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या, आणि त्यांतल्या काही धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. अशी गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. नेहमी आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातीची रेघ राहिलेली असते. गाडी आडवी किती घसरते आणि स्वतःभोवती किती वळते हे मोजणारा सेन्सर कित्येक गाड्यांत पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, गालिच्याच्या उंचीवर बसवलेला असतो, आणि पाणी तिथे आधी पोचते. कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला, तर पिना घासून काम भागवू नये. तो थर तारेच्या आतपर्यंत चढलेला असतो आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे डोके वर काढतो. असा स्टॅबिलिटी कंट्रोलचा दोष मी कधीच हमी देऊन दुरुस्त केलेला नाही.

स्टॅबिलिटी कंट्रोलचे काम समजले की त्याचे दोष शोधणे सोपे जाते. चालकाने स्टेअरिंग किती वळवले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली, यांची ती यंत्रणा सतत तुलना करते आणि फरक पडला तर नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून गाडी जागेवर आणते. मर्सिडीझने १९९५ मध्ये महागड्या कूपेमध्ये ती आणली. १९९७ मध्ये तिच्याच लहान ए-क्लासची गाडी स्वीडनमधल्या एका चाचणीत उलटली, तेव्हापासून ती छोट्या गाड्यांनाही मिळू लागली. आता विचार करा, स्टेअरिंग सरळ आहे असे डोळ्यांना दिसत असताना सेन्सर ते आठ अंश वळलेले सांगत असेल, तर यंत्रणेला गाडी कायम घसरतच आहे असे वाटणार. म्हणून एबीएसचा दिवा विझलेला आणि फक्त स्टॅबिलिटीचा लागलेला असेल, तर माझा पहिला प्रश्न असतो की अलाइनमेंट कधी केले. अलाइनमेंटवाल्याने टायरॉड (स्टेअरिंगकडून चाकाला जोडणारा दांडा) फिरवून चाके सरळ केली, स्टेअरिंग मात्र तिरके राहिले म्हणून ते उपटून दुसऱ्या दातावर बसवले, की हा दिवा लागतो. काही गाड्यांत स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून थोडे सरळ चालवले की सेन्सर मध्य पुन्हा शिकतो, काहींत तो स्कॅनरनेच शिकवावा लागतो. मात्र त्याआधी अलाइनमेंट खरोखर बरोबर आहे याची खात्री करावी, नाहीतर आपण सेन्सरला चूक पाठ करून देतो. ब्रेक पेडलवरचा स्विचही विसरू नये. किरकोळ किमतीच्या त्या स्विचमुळे मॉड्युल बदलायला निघालेले गिऱ्हाईक मी परत फिरवले आहे.

बॅटरी अशक्त असेल तर कोणत्याही कोडावर विश्वास ठेवू नये. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या आसपास दिसल्याशिवाय मी पुढे जातच नाही. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा.

पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी आहे. आधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. ती ठीक असूनही दोन्ही दिवे कायम असतील, तर पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते, आणि जोरात ब्रेक मारल्यास मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. अशी गाडी मी चालवत आणायला सांगत नाही, टोइंगनेच बोलावतो. ऑइल कमी होण्याचे कारण गळती आहे की झिजलेले पॅड, हे न पाहता नुसते ऑइल भरून देणे हे आमच्या धंद्यातले वाईट काम समजले जाते.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसला तरी काही गाड्यांचा दिवा लगेच जात नाही. चारही चाकांची खूण नीट येते आहे हे मॉड्युल चालत्या गाडीत स्वतः पाहते आणि मगच दिवा विझवते. त्यासाठी पंधरा-वीसच्या वेगाने थोडे अंतर जावे लागते. म्हणून ट्रायल हमरस्त्यावर मारावी, त्यात डावी-उजवी वळणे घ्यावीत, एकदा गाडी बंद करून पुन्हा सुरू करावी आणि परत आल्यावर कोड पुन्हा वाचून मगच चावी द्यावी. जॉबकार्डवर मी फक्त बदललेला भाग लिहीत नाही, तर दिवा कधी लागत होता आणि काय सापडले हेही दोन ओळींत लिहितो, कारण ही गाडी आणखी तीन वर्षांनी पुन्हा विकली जाईल, आणि तेव्हा ज्या मेस्त्रीच्या पुढ्यात ती उभी असेल, त्याच्यासाठी आधी हात लावलेला माणूस मीच असेन.