जन्मदेशाचं नागरिकत्व मागण्याआधी

दुसऱ्या देशाचा पासपोर्ट हातात असताना जन्मदेशाचं नागरिकत्व हवं असेल, तर फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट तपासा: तुम्ही आधीच तिथले नागरिक आहात का? असाल, तर नागरिकत्वासाठी नव्हे, फक्त त्याच्या पुराव्यासाठी किंवा थेट पासपोर्टसाठी अर्ज करायचा. यात बराच खर्च आणि डोकेदुखी वाचते.

सगळं अडतं जन्मतारखेवर. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३, ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ आणि आयर्लंडमध्ये १ जानेवारी २००५ पासून केवळ तिथे जन्मल्याने नागरिकत्व मिळणं बंद झालं. मग आईवडिलांचा तेव्हाचा नागरिकत्वाचा किंवा वास्तव्याचा दर्जा बघतात. त्यामुळे जन्मदाखल्यासोबत त्यांचे जुने पासपोर्ट, व्हिसाचे शिक्के जपून ठेवा. जन्मदाखला आईवडिलांची नावं असलेला, सविस्तरच काढा. नावाच्या स्पेलिंगमधला फरक आधीच निस्तरलेला बरा.

आता दुसरी बाजू. सध्याच्या देशाचा कायदा वाचल्याशिवाय सही करू नका. भारतीय नागरिकाने स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याच्या मागे तिथल्या कर-विवरणपत्राचं लचांड असतंच. काही देशांत लष्करी सेवाही लागू होते, तेव्हा तेही विचारून घ्या.