लेख ऑनलाइन टाकण्याआधीची माझी हत्यारं

पहिला खर्डा मी बोलून उतरवते. गूगल डॉक्सच्या ‘टूल्स’मधून व्हॉइस टायपिंग उघडायचं, भाषा मराठी निवडायची, मायक्रोफोनवर टिचकी मारायची. विरामचिन्हं मी नंतर हातानेच घालते. जोडाक्षरं आणि माणसांची नावं मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. मोठी काटछाट करण्यापूर्वी व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे डॉक्स जुन्या प्रती जपून ठेवतं तिथे, त्या वेळच्या प्रतीला नाव द्या, ‘कापण्याआधी’ असं साधंच. मग बिनधास्त परिच्छेद उडवता येतात.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, बदला. नाहीतर वाचकाला भलतीच अक्षरं दिसतात आणि मराठीत शोधणाऱ्याला लेख सापडतच नाही. बदलल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी बघा, गडबड बहुधा तिथेच होते. (कन्व्हर्टरवर आंधळा विश्वास नको.)

फोटो स्क्वूश या संकेतस्थळावर वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात बदलून हलके करावेत. काम ब्राउझरमध्येच होतं, फोटो कुठे पाठवावा लागत नाही.

आणि दुवे! ज्या पानाचा आधार घेतलाय, ते वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळाच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाकून ठेवा. मूळ पान उडालं तरी प्रत राहते. काही संकेतस्थळं अशी नोंद होऊ देत नाहीत. त्यांची मी सरळ पीडीएफ करून घेते.