कुत्र्याला खाज सुटली? औषध लावण्याआधी त्याला उजेडात घ्या

पावसाची झड चार दिवस लागून राहिली की आमच्या घरात रात्री एक आवाज हमखास सुरू होतो. चिमीच्या पट्ट्याची कडी खणखणते, मागचा पाय फरशीवर धपधप आपटतो आणि मग कितीतरी वेळ चपचप चाटणं चालू राहतं. चिमी आमची गावठी कुत्री, आता नऊ वर्षांची. तिच्या पहिल्या पावसाळ्यात कमरेवर नाण्याएवढा लाल चट्टा दिसला, तेव्हा मी खोबरेल तेलात कापूर घालून लावला. आम्हा भावंडांना लहानपणी खाजेवर तेच लावायचे. रात्रभरात तिनं ते सगळं चाटून काढलं, सकाळी दोनदा उलटी केली आणि चट्टा तळहाताएवढा झाला. कापूर पोटात गेला तर कुत्र्याला विषबाधा होऊ शकते, हे मला त्या दिवशी दवाखान्यात कळलं. पुढे दिलेला क्रम मी तेव्हापासून पाळते आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या. केसांमुळे कुत्र्याचं कातडं आपल्याला राकट वाटतं, पण त्याचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो. माणसाच्या त्वचेत साधारण १० ते १५ पेशींचे थर असतात, तर कुत्र्याच्या त्वचेत ३ ते ५. आपली त्वचा आम्लधर्मी, त्याची जवळजवळ उदासीन. म्हणून आपला साबण आणि शाम्पू त्याला कोरडं पाडतात आणि खाज वाढवतात. शिवाय त्याच्या अंगावर जे लावाल ते थोड्याच वेळात त्याच्या पोटात जाणार, हे धरूनच चाला.

१. नीट तपासा

दिवसाउजेडी, खिडकीपाशी, जमिनीवर पांढरी चादर पसरून त्याला आडवं करा. घाई नको, पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. केसांच्या उलट्या दिशेनं बोटं फिरवत कातडीपर्यंत बघत जा. कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखा, पोट, जांघा, पंजांच्या बेचक्या, शेपटीचं मूळ आणि शेपटीखाली, यातली एकही जागा सोडू नका. चट्टा सापडला की शेजारी दहा रुपयांचं नाणं धरून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच काढा. ‘वाढलंय का?’ या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर या दोन फोटोंतून मिळतं, आपल्या आठवणीतून मिळत नाही.

आता उवांची फणी घ्या. कंबर आणि शेपटीच्या मुळाजवळचे केस तिनं विंचरा आणि निघेल ते ओल्या पांढऱ्या कापसावर झटका. काळे कण पडले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. डाग पसरला नाही तर नुसती माती. एकही पिसू दिसली नाही तरी हा डाग पुरेसा पुरावा आहे, कारण खाजणारा कुत्रा पिसवा चावून गिळून टाकतो.

२. खाज कुठे आहे, त्यावरून अंदाज बांधा

जागा बरंच काही सांगते. कंबर, शेपटीचं मूळ आणि मांड्यांच्या मागची बाजू असेल तर आधी पिसवांचा संशय घ्या. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते, त्याला एक-दोन चावेही दिवसचे दिवस खाजवत ठेवतात.

पंजे, काखा, कान आणि तोंडाभोवती खाज असेल, आणि ती दरवर्षी ठरावीक दिवसांत येत असेल, तर धूळ, परागकण किंवा बुरशी यांची ॲलर्जी असू शकते. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात पहिल्यांदा दिसते. पांढऱ्या कुत्र्याचे पंजे गंजल्यासारखे तांबूस दिसू लागले तर तो सततच्या चाटण्यामुळे लाळेचा चढलेला रंग असतो. अन्नाच्या ॲलर्जीवर लोक फार लवकर बोट ठेवतात. ती असते, पण ओळखायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण आठ आठवडे एकच ठरवलेलं खाणं द्यावं लागतं. आज चिकन बंद, उद्या भात बंद, असं करून काहीच कळत नाही.

फक्त पोट आणि जांघ, म्हणजे केस विरळ असतात तिथेच लाली असेल, तर तो कशावर बसतो ते बघा. फिनेलनं पुसलेली ओली फरशी, बांधकामाचं सिमेंट, खत टाकलेलं गवत. फिनेल बंद करून आठवडाभर साध्या पाण्यानं फरशी पुसली आणि पोटाची लाली उतरली, असं मी दोन घरांत पाहिलं आहे.

कानांच्या कडा आणि कोपरांवर खपल्या धरून कुत्रा वेड्यासारखा खाजवत असेल आणि घरातल्या माणसांच्याही हातावर-पोटावर पुरळ उठत असेल, तर ती खरूज असू शकते. गोल टक्कल पडून कोंडा सुटत असेल तर नायटा असू शकतो. दोन्ही माणसांना लागतात. इथे घरचे उपाय थांबवा आणि दवाखाना गाठा. खाज नसताना दोन्ही कुशींवर सारखेच केस गळत असतील तर तो त्वचेचा नव्हे, आतला प्रश्न असू शकतो. तिथेही डॉक्टरच.

३. गोचीड सापडली तर

रॉकेल, माचिसची काडी, तेल यांतलं काही नको. बारीक टोकाच्या चिमट्यानं गोचीड कातडीला अगदी लागून धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. बोटांनी किंवा नखानं चिरडू नका, तिच्या रक्तातून रोग पसरू शकतात. झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट घेऊन त्यात टाका. जागा स्वच्छ करून हात साबणानं धुवा. तिथे काही दिवस बारीक गाठ राहते, ती आपोआप जिरते.

आपल्याकडे कुत्र्यांवर नेहमी आढळणारी तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, दारांच्या चौकटींत अंडी घालते. रक्त पिऊन टम्म फुगलेली एक मादी हजारांवर अंडी घालू शकते. म्हणून अंगावरच्या गोचिडी काढून निम्मंही काम होत नाही. त्यापुढचे दोन-तीन आठवडे कुत्र्यावर लक्ष ठेवा. ताप, मलूलपणा, जेवणावरची वासना उडणं, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर गोचीडतापाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला तो एरवीही गरमच लागतो. थर्मामीटर लावूनच ठरवा.

४. छोटा ओला चट्टा घरी कसा सांभाळायचा

पावसाळ्यात सगळ्यात जास्त दिसतो तो हाच. अंग ओलं राहतं, एका जागी खाज येते, कुत्रा चाटतो-चावतो आणि काही तासांत तिथलं कातडं सोलून लाल, ओलसर, चिकट होतं. डॉक्टर त्याला हॉट स्पॉट म्हणतात. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा दाट केसांच्या कुत्र्यांत तो केसांखाली लपून वाढतो. वरून गिचका झालेला केसांचा पुंजका दिसतो, खाली मात्र जखम असते. आकार दहा रुपयांच्या नाण्याच्या दुपटीपर्यंत असेल, पू नसेल, घाण वास नसेल आणि कुत्रा खाऊन-पिऊन नीट असेल, तरच घरी हात घाला.

दोन माणसं हवीत. एकानं डोकं धरून बोलत राहायचं. कितीही गरीब कुत्रा असो, दुखलं की तो चावू शकतो, त्यामुळे सुती पट्टीनं किंवा मझलनं (कुत्र्याच्या तोंडाला लावायच्या जाळीनं) तोंड सैलसर बांधून घ्या. धाप लागत असेल तर मात्र बांधू नका.

चट्ट्याभोवतीचे केस ट्रिमरनं काढा, चारी बाजूंनी बोटभर निरोगी कातडी दिसेपर्यंत. कात्री वापरू नका, केसांबरोबर कातडी वर उचलली जाते आणि कापली जाते. चिमीची दुसरी जखम अशीच माझ्या हातून झाली.

मग औषधाच्या दुकानात मिळणारं नॉर्मल सलाइन घ्या. नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घाला आणि पूर्ण गार होऊ द्या. गॉजचा तुकडा त्यात भिजवून चट्टा हलकेच टिपत साफ करा. कापूस नको, त्याचे तंतू जखमेला चिकटतात. खपली ओढून काढायची नाही, भिजून सुटेल तेवढीच जाऊ द्यायची. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं असेल तर साधं द्रावण घ्या, फेस येणारं स्क्रब नको. पाण्यात ते बिनदुधाच्या फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा.

शेवटी कोरडं करणं. माझ्या मते सगळ्यात जास्त गुण यानंच येतो. कोरड्या गॉजनं टिपा, पंख्याखाली बसवा, वर पट्टी बांधू नका. हेअर ड्रायरचा गरम झोत तर अजिबात नको. खाज फार असेल तर गार पाण्यात पिळलेला रुमाल पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा कोरडं करा. हे दिवसातून दोन-तीन वेळा.

आणि गळ्यात कोन घाला, म्हणजे चाटता येऊ नये म्हणून डोक्याभोवती बसवायची प्लास्टिकची कॉलर. त्याची केविलवाणी नजर बघून आपण कोन काढतो, आणि दहा मिनिटांत दिवसभराची मेहनत चाटून जाते. खाताना समोर बसून काढलात तरी चालेल, झोपताना मात्र हवाच. चट्टा चोवीस तासांत सुकायला लागला पाहिजे. दुसऱ्या फोटोत तो वाढलेला दिसला तर पुढे वाट पाहू नका.

५. अंगभर हलकी खाज असेल तर आंघोळ

कुत्र्यांसाठीचाच सौम्य शाम्पू घ्या. पाणी कोमट किंवा गार असू द्या, कढत पाण्यानं खाज भडकते. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो. घड्याळ लावा, अंदाजानं आपण तीन मिनिटांतच धुऊन टाकतो. नंतर भरपूर पाण्यानं धुवा, काखा-जांघांत फेस राहतो. साधे, बिनसाखरेचे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक करून कोमट पाण्यात मिसळले आणि ते पाणी अंगावर ओतलं, तर कोरड्या खाजेला आराम पडतो. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी वापरायला माझी हरकत नाही, पण त्यानं पिसवा आणि गोचिडी जातील अशी आशा धरू नका. रोज आंघोळ घालू नका.

६. हे लावू नका

कापूर घातलेलं तेल, रॉकेल, गाडीचं जळकं तेल, टी ट्री ऑइल, फिनेल. डेटॉलसारखं जंतुनाशक जखमेवर झोंबतं आणि कातडी आणखी सोलते. हळद लावली की पिवळ्या थराखाली लाली किती पसरली ते दिसत नाही. बाळाच्या रॅशवरचं झिंकचं क्रीम आणि कॅलामाइन चाटण्यातून पोटात गेलं तर झिंक बाधू शकतं. दुखण्यावरची डायक्लोफेनॅकची जेल, तसंच आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. आपल्या नायट्यावर मिळणाऱ्या मलमांत बऱ्याचदा जोरदार स्टेरॉइड असतं. त्यानं दोन दिवस लाली जाते आणि खालचा संसर्ग वाढत राहतो. ॲलर्जीची माणसांची गोळीही स्वतःहून देऊ नका, सर्दीच्या जोडगोळ्यांत कुत्र्याला घातक असं दुसरं औषध मिसळलेलं असतं.

गावाकडे गुरांच्या गोचिडांचं औषध पाण्यात कालवून कुत्र्यावर ओततात. प्रमाण चुकलं की कुत्रा थरथरायला लागतो, तोंडातून लाळ गळते. गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणेच घ्या, आणि कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर ते आवर्जून सांगा. घरात मांजर असेल तर आणखी जपा. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला मारू शकतं.

७. घर आणि रोजची सवय

पिसवांची अंडी आणि अळ्या कुत्र्यावर कमी, अंथरुणात आणि फटींत जास्त असतात. त्याची गोधडी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन कडक वाळवा, ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. सोफ्याखाली आणि कोपऱ्यांत झाडू पोचू द्या. घरातल्या सगळ्या प्राण्यांना, प्रत्येकाला त्याचं त्याचं औषध, निदान तीन महिने सलग द्या. कोषातल्या पिसवा आठवडेच्या आठवडे दडून राहतात आणि पहिल्या महिन्यानंतर औषध थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

पावसात फिरून आलात की दारातच एक तांब्या साधं पाणी पंजांवर ओता आणि जुन्या सुती पंचानं बेचक्यांपर्यंत पुसा. भिजलेला पट्टा रात्री काढून ठेवा. चामड्याचा असेल तर पावसाळ्यापुरता नायलॉनचा वापरा, लवकर वाळतो.

८. दवाखान्यात कधी, आणि जाताना काय न्यायचं

पू, दुर्गंधी, जखमेत अळ्या, डोळ्याजवळचा चट्टा, तोंड किंवा पापण्या सुजणं, १०३ अंशांवर ताप, तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी जा. तोंडावर सूज असून श्वास लागत असेल तर त्याच क्षणी. जखम दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची असेल तर हातमोजे घालून साबण आणि वाहत्या पाण्यानं ती भरपूर धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनांसाठी लगेच निघा, लस आधी दिलेली असली तरी. खाज साधीच असेल, पण आठवडाभरात उतरली नाही किंवा बरी होऊन पुन्हा आली, तरीही दाखवा.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही कुत्री तपासतात.

जाण्याआधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका आणि त्या सकाळी चट्ट्यावर काही लावू नका. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि धुतलेल्या किंवा तेल लावलेल्या कातडीवर त्यांना हवं ते सापडेलच असं नाही. नाण्याचे फोटो, लसीचं पुस्तक, गोचीड ठेवलेली बाटली आणि आतापर्यंत जे जे लावलं त्याची खरी यादी बरोबर न्या. कापराचं तेल लावलं असेल तर तेही सांगा.