शाळेच्या नोटिशीत एकसारखं कसं लिहायचं

आपल्याकडं एकाच शाळेच्या ग्रुपवर तीन सर तीन तऱ्हेनं लिहायलेत, मग पालक गोंधळणारच ना. आधी एका कागदावर नियम लिहा, ऑफिसात चिकटवा. तारीख कायम १७ सप्टेंबर २०२६, गुरुवार अशीच, १७/९ नको, आणि वेळेच्या आकड्याआधी सकाळी की दुपारी ते लिहाच, लेकरं कामावरून येऊन न्यायची असतात लोकांना.

ऱ्हस्व-दीर्घाचं जरा बघा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार एकटा शब्द 'मुक्ती', पण जोडशब्दात 'मुक्तिसंग्राम', तसंच 'गुरू' आणि 'गुरुपौर्णिमा', दरवर्षी बॅनरवर हेच चुकतं अन् मला खरंच वाईट वाटतं, लेकरं तेच बघून शिकतात. जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर, धाराशिव अशी पूर्ण, आत्ताचीच.

पालकांना 'आपण', मुलांना 'तुम्ही'. 'उपरोक्त विषयान्वये' कशाला, सरळ 'उद्या शाळेला सुट्टी आहे' लिहा, हे पहिल्याच ओळीत, कारण बरेच पालक तेवढंच वाचतात. फी, मीटिंग, युनिफॉर्म चालतंय, फक्त एकदा फी अन् एकदा शुल्क नको. पाठवायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा.