मांजराच्या पोटात केसांचे गोळे होतात? घरच्या घरी काय करायचं ते बघा

मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि ते घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे अंग चाटताना जिभेला चिकटलेला केस त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. केस पचत नाहीत. बरेचसे शीवाटे निघून जातात, बाकीचे पोटात साठतात आणि मग एक दिवस ओकारीतून बाहेर येतात, गोळा म्हणतात खरं पण दिसतो लांबट, ओल्या जाड वातीसारखा, कारण अन्ननलिकेतून दाबला जाऊन येतो.

सगळ्यात आधी ब्रश. बाकी काही जमलं नाही तरी चालेल पण हे कराच, कारण ब्रशमध्ये आलेला केस पोटात जात नाही. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजराला रोज, आखूड केसवाल्याला आठवड्यातून दोनदा तरी. मांजर पेंगुळलेलं असताना मानेपासून सुरू करा, केस ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने, हलक्या हाताने, दोन-तीन मिनिटं पुरे. पोटाला हात लावलेला बहुतेकांना आवडत नाही, शेपटी आपटायला लागलं की थांबा, जबरदस्ती केलीत तर उद्या ब्रश बघूनच पळेल. शेवटी हात ओला करून अंगावरून फिरवा, सुटे केस हाताला चिकटून येतात.

मग पाणी. कोरड्या खाण्यात पाणी साधारण 10 टक्के आणि ओल्या खाण्यात 75 टक्क्यांच्या वर असतं, म्हणून दिवसातलं एक तरी खाणं ओलं द्या. पाण्याची वाटी खाण्यापासून आणि लिटर बॉक्सपासून (मांजराच्या शी-शूच्या ट्रेपासून) लांब ठेवा.

फायबरसाठी लाल भोपळा नुसता उकडून, कुस्करून, एक छोटा चमचा खाण्यात मिसळा. मीठ, मसाला, कांदा, लसूण अजिबात नको, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. कुंडीत गहू पेरून त्याचं कोवळं गवत खाऊ दिलं तरी चालतं.

तेल मात्र तोंडात ओतू नका प्लीज. ते श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला सूज येते, आणि लोणी-तूप पचूनच जातं त्यामुळे त्याचा गोळ्याला काही उपयोग नाही.

एवढं करूनही सारखे गोळे पडत असतील तर मांजर जास्त का चाटतंय ते शोधा, पिसवा, अॅलर्जी किंवा ताण असू शकतो, घरातलं सामान हलवलं तरी काही मांजरं बावरतात.

आणि वारंवार उमासे येतायत पण काहीच पडत नाही, दिवसभर खाल्लं नाही, शी होत नाही, पोट फुगलंय, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय बंद आणि लगेच डॉक्टर, कारण गोळा आतड्यात अडकला तर ऑपरेशनची वेळ येते. मान पुढे ताणून, जमिनीलगत बसून नुसतं खोकत असेल तर तो दमाही असू शकतो, त्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना तो बघून फरक ओळखणं सोपं जातं.